आबांचा भरलेला बंब

आबांची आठवण आली की मला आधी थकवा येतो. हसू त्याच्या मागून येतं, आणि तेही दरवेळी येईलच असं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी जळगावला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंककॉल जोडायचे, एका गावच्या व्यापाऱ्याच्या शिव्या दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्यापर्यंत सुखरूप पोचवायच्या, आणि संध्याकाळी भणभणलेलं डोकं घेऊन नशिराबादच्या रस्त्याला असलेल्या भाड्याच्या खोलीवर परतायचं. फाटक ढकललं की समोर घरमालक आबा उभे. हातात पाना, कपाळाला ग्रीस, पायजम्याला ऑइलचे डाग. मी चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा.

“ताई, पेटनं का कोठे काही?”

म्हणजे, आज कुठे आग लागली का. दुसरे घरमालक भाडेकरूला जेवण झालं का विचारतात, घरून पत्र आलं का विचारतात. आबांची ठाम समजूत होती की आगीच्या बंबासाठी जाणारा प्रत्येक फोन माझ्या हाताखालून जातो आणि मी तो मुद्दाम त्यांच्यापासून लपवते. तसं काही नसतं, हे मी त्यांना पहिल्या महिन्यात बऱ्याचदा समजावलं. मग नाद सोडला. “नाही आबा, कुठे काही नाही,” म्हटलं की ते तोंड इतकं बारीक करायचे, की गावाला आग लागली नाही याचं मलाच ओशाळं वाटायचं.

त्यांचा दोष नव्हता. त्यांच्याकडे स्वतःचा बंब होता.

आमच्या खोल्या आणि फाटक यांच्यामध्ये जिथे अंगण असायला हवं होतं, तिथे आबांच्या गाड्या उभ्या असत. लढाईच्या काळातला, लांब नाकाचा एक ट्रक. त्याच्याहून जरा तरुण, पण एका अंगाला कललेला दुसरा. आणि दोघांच्या मधोमध तो लाल रंगाचा, पितळी नळ्यांचा, पाठीवर लाकडी शिडी घेतलेला आगीचा बंब. तापीकाठच्या कुठल्याशा पालिकेनं तो लिलावात काढला, तेव्हा बोली लावणारे आबा सोडून बाकी सगळे भंगारवाले होते. बंब घरी आला तो बैलांनी ओढून आणला, असं अक्का सांगायच्या. अक्का म्हणजे आबांच्या मंडळी. गल्लीतल्या सगळ्यांच्याच त्या अक्का होत्या. पापड वाळत घालायचे तर आम्हाला दुसरी जागा नव्हती, ट्रकच्या बोनेटवरच घालावे लागत, आणि त्यासाठी आबांची परवानगी लागे. बंबावर मात्र पापडसुद्धा चालत नसत.

आबा मूळचे सावद्याकडचे. तरुणपणी त्यांचे केळी वाहणारे ट्रक पार उत्तरेपर्यंत जात. पुढे वय झालं, धंदा आवरायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नव्या गाड्या विकल्या आणि जुन्या ठेवल्या. “जग करस त्याना उलटं,” असं अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार असे, पण ती इतकी जुनी झालेली होती की तिच्यात धार उरली नव्हती.

धुळ्याहून भंगारवाले यायचे. आबा त्यांना खाट टाकून द्यायचे, चहा पाजायचे, गाड्या फिरून दाखवायचे. पाहुणे मुलगी बघायला आल्यासारखा थाट. मग भंगारवाला विचारायचा, “आबा, मरेल गाडी ठेवीसन काय करशात?”

“मरेल नही ती. थकेल शे,” आबा म्हणायचे. “थकेल आणि मरेल यामा फरक शे का नही?”

“मी बी थकेल शे,” आतून अक्कांचा आवाज यायचा. “माले कोन रंग देस?”

भंगारवाला चहा संपवून उठायचा.

घरात कुठेही हात घातला तरी लोखंड लागायचं. मसाल्याच्या डब्यातल्या एका वाटीत हळद, एकीत मोहरी आणि एकीत कसलेतरी वॉशर. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होते, तेव्हा आबांच्या वरणात एक नट निघाला. दुसऱ्या कुणी ताट लोटलं असतं. आबांनी तो चोखून स्वच्छ केला, उजेडात धरला आणि हरखून म्हणाले, “हाऊच तर मी धुंडी ऱ्हायनू!” आणि जेवण तसंच टाकून अंगणात गेले. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आबांचं ताट झाकून ठेवलं. त्या घरात ताट झाकून ठेवणं हे रोजचं काम होतं.

दुपारच्या नमाजानंतर फिटर चाचा यायचे. आबांच्या ट्रकवर जन्म काढलेला माणूस. आता हात थरथरायचे, पण कान शाबूत होते. बोनेटला कान लावून ते डोळे मिटायचे आणि आबा समोर उभे राहून निकालाची वाट बघायचे. दोघं मिळून एक पट्टा बसवायला आठवडा लावत. त्यातला बराचसा वेळ भांडणात जाई. एकदा आबांनी लांब नाकाच्या ट्रकला नवा निळा रंग द्यायचं काढलं, तर चाचा म्हणाले, “रहने दो आबा, इस उमर में शरमाएगी बेचारी.” आबांनी तरी रंग दिला. ट्रक खरंच अवघडल्यासारखा दिसायला लागला.

दसऱ्याला सगळं गाव आपापल्या गाड्यांना झेंडूच्या माळा घालायचं, तेव्हा आबांच्या अंगणात सामसूम. त्यांच्या गाड्यांचा सण पोळ्याला. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचा गोंधळ झालाय. सकाळपासून गाड्या धुतल्या जात होत्या. बंपरला गेरू लागला. बोनेटवर रंगीत झूल पडली. अक्का चुलीपाशी बसून खापरावरच्या पुरणपोळ्या करत होत्या आणि आबा एकेक पोळी नेऊन एकेका गाडीच्या पुढ्यात ठेवत होते. त्या दिवशी कुठल्याही गाडीला हँडल मारायचं नाही, कुणी पायरीवर पाय ठेवायचा नाही. मी म्हटलं, “आबा, गाड्यांची पूजा दसऱ्याला असते ना?”

“दसराले हत्यारे पुजतस,” ते म्हणाले. “हाई काय हत्यार शे? यासनी जनमभर ओझं व्हायं. एक दिन तरी यासले कोनी जुंपू नये.”

वर्षभर त्या गाड्या उभ्याच असतात, त्यांना जुंपतो कोण, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण अक्कांनी माझ्या हातात पुरणपोळी दिली आणि मी खायला लागले.

आता बंबाच्या पाण्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

बंबाला घंटा नव्हती. लिलावाआधीच ती कुणीतरी काढून नेली होती. आबांनी किती वर्षं ती शोधली देव जाणे. शेवटी धुळ्याला दिलेल्या त्यांच्या लेकीनं निरोप पाठवला, की इथे एका लाकडाच्या वखारीत तशीच घंटा आहे, कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीला वाजवतात. झालं. दुसऱ्याच रविवारी लांब नाकाचा ट्रक बाहेर निघाला. लेकीला भेटायचं म्हणून अक्का निघाल्या, इंजिनाला धीर द्यायला चाचा निघाले, आणि “तुमी वखारवालाले फोनवर बोलतस तशा बोला” म्हणून मला घेतलं. एरंडोल गेलं, पारोळा यायच्या आत रेडिएटर उकळला. ट्रक रस्त्याकडेला लिंबाखाली लागला. चाचा डबा घेऊन विहीर शोधायला गेले आणि आम्ही तिघं पायरीवर बसलो. मी घामानं निथळत होते, कंटाळले होते आणि मला रविवार वाया गेल्याचं दुःख होतं. तिथेच आबांनी ते सांगितलं.

तरुणपणी त्यांचा एक ट्रक जळाला होता. केळीच्या घडांच्या खाली-वर वाळलेला पाला दाबून भरलेला, बिडीची ठिणगी पडली असेल. सगळे खाली उतरले, कुणाला काही झालं नाही. जवळच्या गावचा बंब आला, घंटा वाजवत आला. बंबवाल्यांनी नळी सोडली, धरली, आणि नळीतून नुसती हवा आली.

“रिकामा व्हता,” आबा म्हणाले. “त्या बिचारा नळी धरीसन उभा, आन मी बी उभा. आमी बठ्ठा मिळीसन देखत ऱ्हायनूत.” सगळे मिळून नुसते बघत राहिले होते.

मग रेडिएटरकडे बघत, “मना बंब कधी रिकामा नही ऱ्हावाव,” म्हणाले. माझा बंब कधी रिकामा राहणार नाही. एवढ्यासाठी त्यांनी तो घेतला होता आणि एवढ्यासाठी ते रोज मला आगीचं विचारत होते. एकदा तरी आपला बंब भरलेला आगीवर पोचावा. मला त्या क्षणी त्यांचा राग येणं बंद झालं. कंटाळा पुढेही येत राहिला, पण राग नाही.

वखारवाला घंटा विकायला तयार नव्हता. मी फोनवर बोलते तशी बोलले, त्याचा काही उपयोग झाला नाही. शेवटी आबांनी ट्रकचा पितळी भोंगा काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो दाबून बघितला, सगळी वखार दचकली, आणि सौदा ठरला. पण मग परतीच्या वाटेवर ट्रकला भोंगा नाही. बैलगाड्या बाजूला होईनात. तेव्हा अक्कांनी घंटा हातात घेतली आणि धुळ्यापासून जळगावपर्यंत खिडकीबाहेर हात काढून ती वाजवत आल्या. “हात दुखी ऱ्हायना मना,” म्हणून सारखं कुरकुरत होत्या. मी म्हटलं, “द्या अक्का, मी वाजवते.” तर दिली नाही.

असा तो बंब पुरा झाला, आणि तो कायम काठोकाठ भरलेला असे. आमच्या गल्लीला उतार होता आणि आबांचं घर तळाशी. त्यामुळे नळ आला की पाणी सगळ्यात आधी त्यांच्याकडे यायचं आणि सगळ्यात शेवटी तिथून जायचं. एरवी कुणाला त्याचं काही वाटत नसे. पण खानदेशातला उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. चैत्र सरला की नळ दोन दिवसांआड, मग चार दिवसांआड, तोही कधी येईल याचा नेम नाही. कोपऱ्यावरचा हापसा खडखड वाजून हवा फेकायचा. बायका हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर जायच्या, त्यात अक्का आणि मीही. आणि आमच्या अंगणात तो भलामोठा बंब पोटभर पाणी घेऊन सावलीत उभा. उन्हानं पाण्याची वाफ होऊन तो जरा उणा झाला, तर आबा आपल्या नळाला नळी लावून आधी तो भरून घ्यायचे. मग घरातला माठ.

अक्का दर उन्हाळ्यात मागायच्या. “दोन हंडा काढू द्या. नळ उना का भरी देसू.”

“आन तवढामा पेटनं तर?”

“काय पेटस अठे? चूलवर ठेवाले बी पानी नही घरमा.”

“ते आगीनं पानी शे,” आबा म्हणायचे. ते आगीचं पाणी आहे. तिथे बोलणं संपायचं. अक्का चुंबळ डोक्यावर ठेवायच्या आणि निघायच्या. विहिरीच्या वाटेवर त्यांना नवऱ्याबद्दल बोलायला खूप वेळ मिळायचा, पण त्या फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या, “त्यासले आग दिसस, माले हंडा दिसस. काय कराव?”

एका वर्षी भर वैशाखात आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, धुळ्याला. लेकीकडेच राहून डोळा सुधारायचा असं ठरलं. अक्का गेल्या नाहीत. नळाला पाणी येईल तेव्हा घरात कुणीतरी हवं ना. जाताना आबांनी पान्याच्या टोकानं बंबाच्या टाकीवर टकटक करून बघितलं. वरपर्यंत भरलेला आवाज. चाचांना सांगितलं, दर बाजाराच्या दिवशी इंजिन चालू करून बघा. मला सांगितलं, काही पेटलं तर धुळ्याला ट्रंककॉल लावा. आणि गेले.

त्या पंधरवड्यात विहीर आटली. नळ आला तो बोटभर धारेनं, तोही अर्ध्या गल्लीपर्यंत पोचला नाही. बायका अक्कांच्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या. मागत कुणी नव्हतं, नुसत्या बंबाकडे बघत बसायच्या. अक्का आतबाहेर करायच्या. मग वरच्या घरातली सून बाळंत झाली आणि तिची सासू रिकामी कळशी घेऊन आली. तेव्हा अक्का उठल्या, आबांच्या खाटेखालून नेमका हवा तो पाना काढला, बंबाखाली वाकल्या आणि तळाच्या व्हॉल्व्हची चकती फिरवली. इतकी वर्षं त्यांनी ती फिरवताना आबांना बघितलं होतं. पाण्याची जाड धार कळशीत पडली. आवाज ऐकून ओट्यावरची एकेक बाई उठली.

पहिले दोन दिवस अक्का हिशेबानं देत होत्या. नंतर सगळीच गल्ली यायला लागली, आणि एकीला देऊन दुसरीला नाही म्हणणं त्यांना जमेना. मीही घेतलं. लोखंडाचा वास यायचा, रंग पिवळसर होता, गाळून आणि उकळून प्यायलो आम्ही. “नळ उना का मी भरी देसू,” अक्का रोज म्हणायच्या, कधी मला, कधी बंबाला. नळ आला नाही. बंब रिकामा झाला.

आणि आबा लवकर परत आले. तिथे करमत नव्हतं म्हणे. डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. रिक्षातून उतरले ते थेट बंबापाशी गेले आणि टकटक करायला हात उचलला.

“आधी च्या घ्या,” अक्का घाईनं म्हणाल्या. “डाक्टरनं सांगेल शे ना, उन्हामा उभं ऱ्हावानं नही.”

आबांचा हात खाली आला. “भरेल शे ना?” त्यांनी विचारलं.

“हा,” अक्का म्हणाल्या. “शे.”

आबांनी मान डोलावली आणि चहाला बसले. अक्कांचा शब्द त्यांना पुरेसा होता. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. मी मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात, माझ्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी हायवेपलीकडच्या एका कापसाच्या जिनात आग लागली. मला कुणाला सांगायची गरजच पडली नाही. आमच्या अंगणातून धूर दिसत होता, काळा आणि जाड. रुईच्या गाठी पेटल्या, अशी ओरड झाली. चाचा तेव्हा तिथेच होते, त्यांनाही पाण्याचं कुणी सांगितलं नव्हतं. आबा खाटेवरून उठले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. आरडाओरडा नाही, धावपळ नाही. वर्षानुवर्षं मनात घोकून ठेवलेलं एकेक काम ते करत होते. चाचांना स्टिअरिंगवर बसवलं, कारण पट्टी होती. स्वतः शेजारी चढले. घंटेची दोरी हातात घेतली. चाचांनी बटण दाबलं आणि बंब एका फटक्यात चालू झाला. लांब नाकाच्या ट्रकनं आम्हाला किती रडवलं होतं, आणि हा पहिल्याच हाकेला उठला. आबांनी दोरी ओढली. सगळी गल्ली घंटेच्या आवाजानं भरून गेली. लोक ओट्यांवर आले, आणि काय होणार हे कळून जिथल्या तिथे थांबले.

अक्का फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. बंबाच्या पुढ्यात, बरोबर मधोमध.

“सरक!” आबा ओरडले.

“जाऊ नका,” अक्का म्हणाल्या.

“सरक म्हनस ना! पेटनं शे तठे!”

“रिकामा शे तो.” इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू गेलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं, सगळ्या गल्लीदेखत, मोठ्यानं. “रिकामा शे. मी दिधं पानी. बठ्ठासले दिधं.”

त्या गप्प राहिल्या असत्या, तर बंब घंटा वाजवत गावभर गेला असता आणि आगीसमोर, सगळ्या गावासमोर, आबांना रिकाम्या नळीपाशी उभं राहावं लागलं असतं, दुसऱ्यांदा. ते होऊ नये म्हणून अक्कांनी आपली लबाडी गल्लीसमोर उघडी केली. मला आबांची फार दया आली, आणि अक्कांची त्याहून जास्त.

चाचांनी इंजिन बंद केलं. आबांच्या हातात दोरी तशीच होती. ओट्यावरच्या बायकांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात हायवेवरून घंटेचा आवाज आला, पालिकेचा बंब चालला होता. आबांनी मान तिरकी केली आणि चाचा ऐकायचे तसे, डोळे मिटून ऐकत राहिले. आवाज जवळ आला, समोरून गेला, लांब गेला.

“भरेल शे,” ते म्हणाले. “आवाज जड शे.”

मग हळूच पाय टेकत खाली उतरले. अक्कांच्या समोर आले. आम्हाला वाटलं, आता काहीतरी होणार.

“माले सांगं असतं तर तोटी बसाडी दिधी असती ना,” आबा म्हणाले.

“चार उन्हाळा मांगी ऱ्हायनी मी,” अक्का म्हणाल्या. आणि फाटकातच खाली बसून रडायला लागल्या.

आबांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. संध्याकाळपर्यंत बंबाच्या चाकाला टेकून बसले होते. पलीकडचा धूर हळूहळू पांढरा झाला, मग दिसेनासा झाला. अक्कांनी ताट झाकून ठेवलं.

पुढे डोळा बरा झाल्यावर एक दिवस त्यांनी अक्कांकडून बंबातलं तळाचं उरलंसुरलं पाणी पेल्यात मागून घेतलं. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “हाई पानी पिधं तुमी?”

“पिधं,” अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ते वरचं झाकण उघडून टाकीत उतरायला लागले. आत बसून तारेच्या ब्रशनं गंज खरवडायचे. बाहेर चाचा झाकणापाशी बसून आत तोंड घालून सूचना करायचे. सगळा पावसाळा मी त्या खरवडण्याच्या आवाजात झोपले आणि त्याच आवाजात उठले. डोकं उठायचं. पण कुणालाच त्यांना थांबा म्हणवेना. टाकी आतून लख्ख झाली, आणि मागच्या बाजूला, हंडा नीट बसेल एवढ्या उंचीवर, एक पितळी तोटी आली. त्यांच्या हातची ती शेवटची दुरुस्ती.

त्यानंतर बंब आगीवर जायचा प्रश्नच उरला नाही. नळ आला की तो भरायचा, आणि नळ नसेल त्या दिवसांत गल्ली तिथून पाणी न्यायची. नळाची वेळ कुणाला कळत नसे, पण पाणी आधी आबांकडे यायचं, म्हणून ते आलं की आबा घंटा वाजवायचे. पहाटे आलं तर पहाटे, दुपारी आलं तर दुपारी. हंडे घेऊन सगळी गल्ली आपापल्या नळाकडे पळत सुटायची. आवाज ऐकताच मी अर्धवट वेणी तशीच सोडून धावलेली आहे.

फाटकातला प्रश्न मात्र थांबला. मी ड्यूटीवरून यायचे, आबा नुसतं “उनी का ताई?” म्हणायचे आणि पान्याशी खेळत बसायचे. मला ते इतकं चुकल्यासारखं झालं की एकदा मीच म्हटलं, “आबा, आज कुठे काही पेटलं नाही.”

“बरं झायं,” ते म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले, हे मला कळलं.

काही वर्षांनी आबांचे पाय गेले. आधी कललेला ट्रक भंगारात गेला, मग लांब नाकाचा. भंगारवाला चहा न घेताच गेला. बंबाला हात लावू द्यायला गल्लीच तयार नव्हती. चाचा येऊन खाटेजवळ बसायचे, दोघं भांडतसुद्धा नव्हते. “थकेल शे,” कुणी तब्येत विचारली की आबा सांगायचे. मरेल नही, हे पुढचं ते सांगत नसत.

ते गेले तेव्हा पुन्हा उन्हाळाच होता. पहाटे गेले. उजाडेपर्यंत अंगण माणसांनी भरलं. धुळ्याहून लेक यायची वाट बघत सगळे बसले होते. पुढच्या खोलीत आबांना ठेवलेलं, अक्का उशाशी. बायका रडून रडून आता नुसत्या बसल्या होत्या. आणि त्या शांततेत बंबाशेजारच्या नळानं खाकरल्यासारखा आवाज केला. आधी हवा, मग थेंब, मग धार. गेले चार दिवस नळ आला नव्हता. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. कुणी हललं नाही. मेलेला माणूस घरात असताना पाणी भरायला कोण उठणार?

अक्का उठल्या. पदर सारखा केला, आमच्या मधून वाट काढत अंगणात आल्या. नळी नळाला लावून बंबात सोडली. मग वाकून दोरी धरली आणि घंटा वाजवली. नेहमी वाजायची तितकाच वेळ, तितक्याच जोरानं.

“जा,” आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या. “भरी ल्या. मंग आते चार दिन येवाव नही.”

तरी कुणी उठेना, तेव्हा त्यांनी पुन्हा दोरी ओढली. मग आम्ही उठलो आणि हंडे आणायला गेलो.